मराठी जाहिरातीचा मथळा: डिस्प्ले फॉन्ट निवडण्यापासून पोस्ट बाहेर पडेपर्यंत

बहुतेक मराठी पोस्टचा जन्म इंग्रजी टेम्प्लेटमध्ये होतो. तिथला इंग्रजी मथळा पुसून मराठी ओळ चिकटवली जाते आणि सॉफ्टवेअर जो देवनागरी फॉन्ट समोर ठेवेल तोच कायम राहतो. मग वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो, ‘श’ हिंदी वळणाचा येतो, अक्षरं किरकोळ दिसतात. शेवटी ‘मराठीत डिझाइन उठून दिसत नाही’ असा ठपका भाषेवर बसतो. मला हा ठपका मुळीच मान्य नाही. देवनागरीत आज उत्तम डिस्प्ले फॉन्ट आहेत आणि त्यांतले कितीतरी विनामूल्य मिळतात. फक्त निवडीची सुरुवात आपल्या मराठी ओळीपासून व्हायला हवी, टेम्प्लेटपासून नव्हे. ती कशी करायची, हे या लेखात क्रमाने पाहू.

डिस्प्ले फॉन्ट म्हणजे मोठ्या आकारात, मोजक्या शब्दांसाठी घडवलेली अक्षरं. मथळा, किंमत, सणाची शुभेच्छा, थंबनेलवरचे तीन शब्द ही त्यांची कामं. अटी-शर्ती, पत्ता, उत्पादनाची माहिती अशा सलग वाचायच्या मजकुराला वेगळा, साधा फॉन्ट लागतो. डिस्प्ले फॉन्टमध्ये परिच्छेद लावला की वाचणारा दुसऱ्या ओळीतच पुढे सरकतो.

पायरी १: आधी ओळ पक्की करा

फॉन्टची यादी उघडण्यापूर्वी मथळ्याचा मजकूर शेवटच्या रूपात हातात असू द्या. नुसतं ‘मराठी मथळा’ असं टाकून फॉन्ट निवडला, तर तो त्या दोन शब्दांपुरता शोभतो. त्यांत ना रफार, ना उकार, ना अवघड जोडाक्षर. खरी ओळ आली की सगळं बिघडतं.

या लेखभर एकच उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका गृहउद्योगासाठी दिवाळीची पोस्ट करायची आहे. मथळा आहे, ‘दिवाळीचा फराळ, दुसऱ्या दिवशी घरपोच’. त्याखाली, ‘ॲपवरून मागवल्यास १०% सवलत’. आणि किंमत, ₹१,४५०.

आता ही ओळ अक्षरजुळणी करणाऱ्याच्या नजरेने वाचा. वेलांट्या कुठे आहेत? उकार किती? ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ आहे, ‘ळ’ दोनदा आला आहे, ‘दिवशी’त ‘श’ आहे, ‘सवलत’मध्ये ‘ल’. ‘ॲ’ आणि ₹ ही दोन्ही चिन्हं जुन्या फॉन्टमध्ये बहुधा नसतात. म्हणजे ही साधी दिसणारी जाहिरात फॉन्टची बऱ्यापैकी कडक परीक्षा घेणार आहे.

ओळी कुठे तोडायच्या, हेही आत्ताच ठरवा. तोडणी अर्थाप्रमाणे हवी: ‘दिवाळीचा फराळ,’ मग ‘दुसऱ्या दिवशी’, मग ‘घरपोच’. ‘दुसऱ्या’ एका ओळीत आणि ‘दिवशी’ दुसरीत गेलं तर वाचणारा अडखळतो. शब्दाचे तुकडे तर कधीच करू नका. मथळा सात-आठ शब्दांच्या पुढे जात असेल, तर फॉन्ट शोधण्याआधी मजकूर लिहिणाऱ्याकडे परत जा. लांब मथळ्याला कुठलाही डिस्प्ले फॉन्ट वाचवू शकत नाही.

पायरी २: विषयाला साजेसा आवाज शोधा

प्रत्येक डिस्प्ले फॉन्टला स्वतःचा आवाज असतो. माझ्या वापरातले आणि गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळणारे काही फॉन्ट स्वभावाप्रमाणे सांगतो.

जाड, गोलसर आणि खेळकर अक्षरांत मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘बलू २’ आणि ‘मोदक’ हे दोन फॉन्ट पहिल्यांदा आठवावेत. बलू २ मध्ये पाच जाड्या आहेत, त्यामुळे त्यातून मथळा आणि उपमथळा दोन्ही निघतात. खाऊ, खेळणी, बालवाडी, घरगुती पदार्थ यांना तो सहज शोभतो. मोदक इतका जाड आहे की अक्षरांच्या आतल्या पोकळ्या जेमतेम चिरेएवढ्या उरतात. एक-दोन शब्दांत तो जबरदस्त दिसतो. ‘उत्कृष्ट’ किंवा ‘शुद्ध’सारखे शब्द मात्र त्यात लावायचे तर ते खूप मोठे लावावे लागतात.

अरुंद, उंच आणि चौकोनी वळणाचे म्हणजे ‘टेको’, ‘खंड’ आणि ‘राजधानी’. तिन्ही ‘इंडियन टाइप फाउंड्री’चे. क्रीडास्पर्धा, मोबाईलची दुकानं, जिम, सेलचे आकडे यांना ते बरे. कमी रुंदीत जास्त अक्षरं बसतात, म्हणून उभ्या स्टोरीवर आणि अरुंद बॅनरवर त्यांचा खरा उपयोग होतो. फराळासाठी मी ते घेणार नाही. त्यांच्या काटकोनांत चकलीची खुसखुस येत नाही.

जाड आणि बारीक रेषांत ठळक फरक असलेला ‘रोझा वन’ दागिने, पैठणी, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींना श्रीमंती देतो. त्याच्या बारीक रेषा लहान आकारात गायब होतात, त्यामुळे तो फक्त मोठ्या मथळ्यालाच वापरा.

हाताच्या वळणाचेही बरेच आहेत. ‘कलम’ पेनाने लिहिल्यासारखा मोकळा आहे. ‘यात्रा वन’ची प्रेरणा मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची. ‘जैनी’ जुन्या जैन कल्पसूत्र हस्तलिखितांच्या अक्षरांवरून घडवला आहे, त्यामुळे देवस्थान, संग्रहालय, शास्त्रीय संगीताची मैफल अशा विषयांत तो खुलतो. ‘गोटू’ बारीक, मोकळा आणि शांत आहे. योगवर्ग, हस्तकला, साड्यांचे छोटे ब्रँड यांना तो चालतो.

काही कुटुंबं मथळा आणि मजकूर दोन्हींची जबाबदारी पेलतात. ‘मुक्ता’त सात जाड्या आहेत, ‘पॉपिन्स’मध्ये नऊ. ‘अनेक देवनागरी’ हा व्हेरिएबल फॉन्ट आहे. त्याची जाडी १०० पासून ८०० पर्यंत आणि रुंदी ७५ टक्क्यांपासून १२५ टक्क्यांपर्यंत हवी तशी सरकवता येते. एकच जाहिरात चौकोनी पोस्ट, उभी स्टोरी आणि आडवा बॅनर अशी तीन मापांत करायची असेल, तर ‘अनेक’सारखी सोय नाही. आवाज तोच राहतो, फक्त रुंदी बदलते. शिवाय हे कुटुंब गुजराती, कन्नडसह इतर भारतीय लिप्यांतही आहे, त्यामुळे बेळगाव किंवा वापीकडच्या ग्राहकासाठी दोन लिप्यांत काम करताना दोन्हींचा सूर जुळतो.

नावावर मात्र विसंबू नका. ‘श्रीखंड’ हे नाव ऐकून मराठी फॉन्ट असेल असं वाटतं, पण त्यात गुजराती आणि रोमन अक्षरं आहेत, देवनागरी नाही.

आपल्या पोस्टसाठी मी तीन उमेदवार निवडतो: बलू २, यात्रा वन आणि मुक्ताची सर्वांत ठळक जाडी. तिनांपेक्षा जास्त घेऊ नका. दहा पर्याय समोर मांडले की क्लायंट आणि डिझायनर दोघेही बघूनबघून थकतात आणि शेवटी भलताच निवडला जातो.

पायरी ३: मराठी परीक्षा घ्या

हीच पायरी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. देवनागरी फॉन्ट म्हणजे मराठी फॉन्ट, असं गृहीत धरू नका. पुष्कळ फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून घडवलेले असतात.

पहिली तपासणी ‘ल’ आणि ‘श’ची. मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ रूढ आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या प्रमाण देवनागरीविषयीच्या निर्णयानेही हीच वळणं धरली. हिंदीत दंडाचा ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ चालतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, दोन्ही वळणांचा सांकेतिक क्रमांक एकच आहे. कुठलं वळण दिसेल, ते फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं साठवलेली असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय मराठी रूप समोर येत नाही. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या पॅनेलमधली भाषा ‘मराठी’ करा. वेबपानावर पानाच्या मूळ खुणेत (एचटीएमएल टॅगमध्ये) भाषा म्हणून मराठीचा ‘mr’ हा संकेत नोंदवा. एवढ्यानेच कितीतरी फॉन्टमधले ‘ल’ आणि ‘श’ बदललेले दिसतील. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मुळातच मराठी वळणाचा आहे. भाषेची सोय नसलेल्या ॲपमध्ये तो उपयोगी पडतो, मात्र त्याचा बाज शांत, पुस्तकी आहे.

ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपच नाही तो वर्ज्य समजायचा का? तीन शब्दांच्या थंबनेलवर मी सोडून देईन. शाळा, प्रकाशक, मराठी नाटक, साहित्य संमेलन यांच्या कामात सोडणार नाही. तिथला वाचक हे लगेच ओळखतो.

दुसरी तपासणी ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ची. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत अर्थाचाच फरक पडतो. ज्या फॉन्टमध्ये हे अक्षर नीट घडवलेलं नाही, त्यात ‘र’खाली नुक्ता (टिंब) आणि पाय मोडल्याची खूण दिसते, किंवा मध्येच रिकामी चौकट येते. कऱ्हाड, तऱ्हा, सुट्ट्यांच्या जाहिरातीतले ‘वाऱ्या’ आणि ‘किनाऱ्या’ अशा शब्दांवर फॉन्ट पारखून घ्या.

मग ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडत नाही आणि सॉफ्टवेअर ती जागा परस्पर दुसऱ्याच फॉन्टने भरतं. मथळ्यात एकच अक्षर वेगळ्या जाडीचं दिसलं, तर बहुधा हेच झालेलं असतं. ₹ या चिन्हाचंही तसंच. सरकारने ते २०१० च्या जुलैमध्ये स्वीकारलं. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी ते रेखाटलं आहे. जुन्या फॉन्टमध्ये ते नसेल तर ‘रु.’ लिहा. दुसऱ्या फॉन्टमधून आणलेलं बारकं ₹ जाड आकड्यांशेजारी केविलवाणं दिसतं.

जोडाक्षरांसाठी ही ओळ प्रत्येक नव्या फॉन्टमध्ये लावून बघा: ‘महाराष्ट्र, शुद्ध, चिठ्ठी, विठ्ठल, उत्कृष्ट, चिन्ह, ब्राह्मी, डोळ्यांत, वर्षीं, मूर्ती, ज्ञानाची श्रद्धा’. ‘वर्षीं’त एकाच अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघेही येतात. त्यांची गर्दी फॉन्टने कशी सोडवली आहे, यावरून घडवणाऱ्याची तयारी कळते.

शेवटी आकडे: १, ९, ५, ८, ६. फार जाड फॉन्टमध्ये १ आणि ९ जवळजवळ जुळे होतात. ₹१९९ आणि ₹९९१ शेजारीशेजारी लावा, फोन हातभर लांब धरा आणि वाचा.

पायरी ४: मजकूर युनिकोडमध्येच हवा

छपाईच्या दुकानांत श्रीलिपीसारख्या प्रणालींचे जुने फॉन्ट अजून चालतात आणि त्यांतली काही डिस्प्ले अक्षरं खरोखर देखणी आहेत. पण त्यांतले पुष्कळ फॉन्ट युनिकोडपूर्व काळातले आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. फ्लेक्स छापायला काही अडत नाही. तोच मजकूर कॅप्शन, वेबपान किंवा जाहिरातीच्या मथळ्याच्या रकान्यात टाकला की निरर्थक चिन्हं दिसतात, आणि शोधातही तो सापडत नाही.

म्हणून मूळ मजकूर नेहमी युनिकोडमध्ये टंकित करून ठेवा. जुन्या फॉन्टची अक्षरं हवीच असतील, तर फक्त तेवढा मथळा तिथे लावून त्याची आकृती करून घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरलात तर रफार, ‘ऱ्य’ आणि ऱ्हस्व-दीर्घ एकेक शब्द धरून तपासा. चुका तिथेच होतात.

पायरी ५: सॉफ्टवेअर मराठीसाठी तयार करा

पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, ‘क्त’चा ‘क्’ आणि ‘त’ सुटे झाले, असं दिसलं की फॉन्टला दोष देऊ नका. सॉफ्टवेअरची अक्षरजुळणी भारतीय लिप्यांसाठी चालू केलेली नसते. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणीचा पर्याय आहे. नव्या आवृत्त्यांत तो मुळातच चालू असतो, तरी एकदा बघा. इलस्ट्रेटरमध्ये त्याच विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ला टिक करा आणि परिच्छेदाच्या मेनूतून दक्षिण आशियाई कंपोझर निवडा. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ घ्या. मोबाईलवरच्या संपादक ॲपमध्ये अशी सोय नसते. तिथे ‘शक्ती’, ‘कीर्ती’ आणि ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द टाकून बघा. बिघडले तर ते ॲप मराठीसाठी वापरू नका.

पायरी ६: मांडणी

इथे हात सैल सोडून चालत नाही. इंग्रजी मांडणीच्या सवयी देवनागरीत जशाच्या तशा आणल्या की घोळ होतो, म्हणून ही पायरी जरा सविस्तर.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी मथळ्यात अक्षरं लांब लांब ठेवून डौल आणतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. अंतर शून्यावरच ठेवा. मोकळीक हवी असेल तर शब्दांमधली जागा थोडी वाढवा किंवा रुंद फॉन्ट घ्या. अक्षरं एकमेकांत दाबून जागा वाचवण्याचाही मोह टाळा. काना पुढच्या अक्षराला चिकटला की शब्द वाचताच येत नाही.

ओळींमधलं अंतर डोळ्यांनी ठरवा. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मथळ्याच्या ओळी अक्षराच्या आकाराइतक्याच, किंवा त्याहूनही कमी अंतरावर असतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येतात, त्यामुळे सुरुवात आकाराच्या १.२५ पटीने करा आणि मग कमी-जास्त करा. टक्कर कुठे होते ते शोधायचं: वरच्या ओळीतला उकार आणि त्याच्या बरोबर खाली आलेली वेलांटी. आपल्या मथळ्यात पहिल्या ओळीला एकही उकार नाही. दुसऱ्या ओळीत उकार आहे तो फक्त ‘दु’ला, आणि डावीकडे जुळवलं तर त्याच्या खाली ‘घरपोच’चा ‘घ’ येतो. त्याच्या डोक्यावर काहीच नाही. म्हणजे हा मथळा १.१ पटीपर्यंतही घट्ट लावता येतो आणि तीन ओळींचा एकजीव ठोकळा तयार होतो. ओळी वेगळ्या तोडल्या असत्या तर हे जमलं नसतं. टक्कर टळत नसेल, तर कधीकधी शब्दांचा क्रम बदलून प्रश्न सुटतो. म्हणूनच मजकूर लिहिणारा आणि डिझायनर एका टेबलावर असावेत, असा माझा आग्रह असतो.

आकाराचा हिशेब फोनवरून करा. १०८० पिक्सेल रुंदीची पोस्ट साधारण साडेसहा-सात सेंटीमीटर रुंदीच्या पडद्यावर दिसते, म्हणजे सुमारे १६ पिक्सेलला एक मिलिमीटर. ३२ आकाराच्या मजकुरात शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अक्षर १८ पिक्सेलच्या आसपास भरतं. फोनवर ते जेमतेम एक मिलिमीटर होतं, आणि चाळिशी लागलेल्या वाचकाला दिसत नाही. अशा पोस्टमध्ये कुठलाही मजकूर ४० च्या खाली नेऊ नका आणि मथळा ११० ते १८० च्या दरम्यान ठेवा. त्याच आकाराचं इंग्रजी अक्षर मोठं दिसतं, हेही लक्षात असू द्या. मराठी ओळीत ब्रँडचं नाव रोमन लिपीत येत असेल, तर ते दहा-पंधरा टक्क्यांनी लहान करा. त्याची मोठी अक्षरं शिरोरेषेच्या पातळीला आली की दोन्ही लिप्या एका ओळीत नांदतात.

नकली ठळक आणि नकली तिरपं नको. फॉन्टमध्ये ठळक जाडी नसताना ‘बी’चं बटण दाबलं तर सॉफ्टवेअर अक्षरं नुसती फुगवतं, आणि ‘ष’, ‘घ’, ‘ध’च्या पोकळ्या बुजतात. रोझा वन, यात्रा वन, मोदक यांना एकच जाडी आहे. ती आहे तशी वापरा. तिरप्या अक्षरांची परंपरा देवनागरीत नाही. जोर द्यायचा तर जाडी, आकार किंवा रंग बदला.

बाह्यरेषा देताना सांधे मिटवा. थंबनेलवर अक्षरांना पांढरी किंवा काळी कड देण्याची पद्धत आहे. देवनागरीत काना, मात्रा आणि शिरोरेषा हे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, विशेषतः व्हेरिएबल फॉन्टमध्ये. कड दिली की हे सांधे अक्षराच्या पोटात रेघोट्या बनून दिसतात. इलस्ट्रेटरमध्ये मजकुराची आउटलाइन करा (म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करा), पाथफाइंडर या पॅनेलमधून सगळे तुकडे एकत्र जोडा, मग कड द्या. त्याआधी मूळ मजकुराचा लेयर लपवून जपून ठेवा. किंमत शेवटच्या घटकेला बदलतेच.

बटणातला मजकूर स्वयंचलित मध्याप्रमाणे बसवू नका. ‘आजच मागवा’ या ओळीत वर वेलांटी नाही, खाली उकार नाही, पण फॉन्टने दोन्हींसाठी जागा राखलेली असते. शिरोरेषा आणि अक्षराचा पाय यांच्या मधोमध असलेला बिंदू बटणाच्या मध्यावर आणा.

आकडे देवनागरी की इंग्रजी, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मराठी जाहिरातीत किंमत, तारीख, सवलत देवनागरीत असावी. दोन्हींची सरमिसळ विचित्र दिसते. फोन क्रमांक आणि कूपन कोड मात्र वाचणाऱ्याला जसेच्या तसे टाइप करायचे असतात, म्हणून ते इंग्रजी आकड्यांत ठेवा.

पायरी ७: जोडी जमवा

एका पोस्टला एक डिस्प्ले फॉन्ट आणि एक साधा फॉन्ट पुरतो. यात्रा वनसोबत मुक्ता, रोझा वनसोबत ‘हिंद’ हा साधा फॉन्ट, टेकोसोबतही हिंद, मोदकसोबत बलू २ या जोड्या मी डोळे मिटून सुचवीन. दोन्ही फॉन्ट नाटकी असले की कुणाचाच आवाज ऐकू येत नाही.

आपल्या पोस्टचा निकाल: यात्रा वन जुन्या पाटीसारखा छान दिसला, पण ‘फराळ’पेक्षा ‘प्रवास’ जास्त सुचवू लागला. मुक्ता नीटनेटका, तरी सणाचा उत्साह कमी. बलू २ च्या गोलाईत लाडू-करंजीचा भाव आहे, शिवाय जाड्या पाच असल्याने खालची सवलतीची ओळही त्याच्याच मध्यम जाडीत लावता येते. अटी आणि पत्त्याला मुक्ता.

पायरी ८: रंग आणि पार्श्वभूमी

वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे मोठ्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी फरक किमान ३:१ आणि लहान मजकुराचा ४.५:१ असावा. तपासायची साधनं इंटरनेटवर विनामूल्य आहेत. दिवाळीत हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे झगझगीत केशरी रंगावर पांढरी अक्षरं. हा फरक ३:१ पर्यंतही पोचत नाही. त्याच केशरीवर गडद किरमिजी अक्षरं घ्या, सण तसाच राहतो आणि ओळ लांबूनही वाचता येते.

फोटोवर मथळा ठेवताना शिरोरेषेकडे बघा. फोटोतली ताटाची कड किंवा खिडकीची आडवी चौकट तिच्याजवळ आली की रेषेत रेष मिसळते. मथळा थोडा सरकवा किंवा मागे सपाट रंगाची पट्टी द्या. सोनेरी ग्रेडियंट, सावली, चमक या तिन्हींपैकी एक घ्या, तीही जपून.

पायरी ९: ज्या जागी दिसणार तिथे तपासा

स्टोरी आणि स्टेटसचं माप १०८०×१९२० असतं. त्यात वरचे आणि खालचे अडीचशेच्या आसपास पिक्सेल मथळ्यासाठी मोकळे समजू नका. तिथे खात्याचं नाव आणि बटणं येतात. यूट्यूबचं थंबनेल १२८०×७२० चं, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओचा कालावधी छापला जातो. तिथे शब्दाचं शेवटचं अक्षर आलं तर झाकलं जातं. थंबनेल पडद्यावर पंधरा टक्क्यांपर्यंत लहान करून बघा. मथळा तरीही वाचता आला पाहिजे. ३२०×५० च्या मोबाईल बॅनरमध्ये एकाच ओळीला जागा असते. तिथे डिस्प्ले फॉन्टचा हट्ट सोडून मुक्ताची ठळक जाडी वापरा.

व्हॉट्सॲप प्रतिमा दाबून पाठवतं. रोझा वनच्या बारीक रेषा आणि लाल पार्श्वभूमीवरची अक्षरं त्यात सर्वांत आधी मळतात. पोस्ट स्वतःला, मग साध्या फोनवरच्या एखाद्याला पाठवा आणि तिथे उघडून बघा. गट-गटांतून फिरणारी जाहिरात असेल, तर एक जाडी वर जा.

वेबपानावर फॉन्टची फाइल वॉफ२ या दाबलेल्या स्वरूपात ठेवा. जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या फाइली मोठ्या असतात, म्हणून लागतील तेवढ्याच जाड्या चढवा. फाइल लहान करण्यासाठी अक्षरं वगळणारी साधनं वापरताना जोडाक्षरांचे नियम टिकतात की नाही, हे पायरी ३ मधल्या ओळीने तपासा. फॉन्ट उतरेपर्यंत फोनमधला मूळ फॉन्ट दिसू द्या, कोरी जागा नको.

ईमेलमध्ये जीमेल बाहेरचा फॉन्ट दाखवत नाही. विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, असं जे उपकरणात असेल ते दिसतं. मथळ्याची प्रतिमा लावायची असेल, तर तिचा पर्यायी मजकूर मराठीत भरा. प्रतिमा बंद ठेवणाऱ्यांना आणि पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकांना तोच दिसतो किंवा ऐकू येतो.

फॉन्ट पुरणार नाही अशी कामं

बोधचिन्ह, मोठ्या उत्सवाची मोहीम, नाटकाचं नाव, यांसाठी अक्षरं हाताने काढून घेण्याचा विचार जरूर करा. मराठीत ही परंपरा समृद्ध आहे. २०२० मध्ये निधन झालेले कमल शेडगे यांनी दशकानुदशकं नाटकांची शीर्षकं अशी रेखाटली की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांतूनच कळत असे. फॉन्टमध्ये एकच ‘क’ प्रत्येक ठिकाणी तसाच येतो. हाताच्या अक्षरात शेवटच्या कान्याला ओढ देता येते, दोन वेलांट्या एकमेकींत गुंफता येतात. एकदाच करायच्या आणि वर्षानुवर्षं दिसणाऱ्या कामासाठी हा खर्च योग्य आहे.

पायरी १०: परवाना आणि जपणूक

इथे उल्लेख केलेले गूगल फॉन्ट्सवरचे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. व्यावसायिक जाहिरात, बोधचिन्ह, वेबपान, छपाई सगळीकडे ते पैसे न भरता वापरता येतात. फक्त फॉन्टची फाइल सुटी विकायला मनाई आहे. विकतच्या फॉन्टचं तसं नाही. संगणकावर वापरण्याचा, वेबसाठीचा आणि मोबाईल ॲपसाठीचा परवाना बहुधा वेगवेगळा असतो. व्हॉट्सॲप गटांतून फिरणाऱ्या ‘मराठी फॉन्टचा खजिना’ अशा झिप फाइलींना हात लावू नका. त्यांत कुणाच्या तरी अनेक वर्षांच्या मेहनतीची चोरी असते, आणि नोटीस आली तर ती तुमच्या क्लायंटच्या नावाने येते.

काम संपलं की एका फोल्डरमध्ये चार गोष्टी ठेवा: युनिकोड मजकुराची फाइल, आउटलाइन न केलेली मूळ डिझाइन फाइल, फॉन्ट आणि त्याच्या परवान्याची प्रत. सोबत अर्ध्या पानाची टीप लिहा: मथळ्याचा फॉन्ट, जाडी, ओळींमधलं अंतर, रोमन अक्षरांचं प्रमाण, आकडे कुठल्या लिपीत. मुक्त परवान्याचा फॉन्ट असेल तर हे अख्खं फोल्डर क्लायंटला द्यायला हरकत नाही. विकतचा असेल तर फॉन्टची फाइल काढून ठेवा आणि परवाना कुठून, कुठल्या प्रकारचा घ्यायचा, ते टिपेत लिहून द्या.